पावसात बघायची बाग

इंग्लिश कॉटेज गार्डनचे फोटो बघितले की माझा जीव हरखतो. दगडी भिंत, दाराभोवती चढलेला गुलाब, खाली निळ्या-जांभळ्या फुलांची रेटारेटी आणि त्यातून जाणारी एक अरुंद पायवाट. आमचं घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, जुनं, मातीच्या जाड भिंतींचं, वर मंगळुरी कौलं, पुढं सोपा, मागं परडं. त्यामुळं हे फोटो बघताना मनात सारखं यायचं की आपलं घर तर अशाच बागेसाठी बांधलंय. खरं ती बाग जशीच्या तशी उचलून इथं आणता येत नाही, आणि आणूही नये असं माझं ठाम मत झालंय. का ते जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्या भागात आता बरेच जण जुनं घर पाडायच्या ऐवजी दुरुस्त करून घ्यायला लागलेत, ही फार चांगली गोष्ट, खरं दुरुस्ती झाली की पहिलं काम काय करतात तर अख्ख्या अंगणात पेव्हर ब्लॉक टाकतात आणि कडेनं चार कुंड्या. बघून पोटात कालवाकालव होते.

आधी पावसाचा हिशोब बघू. लंडनला वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बारा महिन्यांत थोडा थोडा वाटून. बेळगाव शहरात त्याच्या दुप्पट पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. खानापूरला त्याहून जास्त, आणि जांबोटी ओलांडून कणकुंबीच्या अंगाला, जिथं मलप्रभा उगम पावते तिकडं सरकलात तर काही विचारूच नका. आता लॅव्हेंडर हे मुळात भूमध्य समुद्राकाठचं झाड, त्याला कोरडा उन्हाळा आणि पाणी झटकन निघून जाणारी जमीन लागते, आमच्या आषाढात त्याची मुळं कुजणारच. फॉक्सग्लोव्हला थंडी पाहिजे. म्हणजे फोटोतली निम्मी झाडं बाद. याचं वाईट वाटून घेऊ नका, कारण बाद झालेली झाडं गौण आहेत, महत्त्वाचं आहे ते मोसमाचं गणित. त्यांची बाग जूनमध्ये भर घेते, त्यांच्या उन्हाळ्यात, आणि माणसं बाहेर गवतावर खुर्च्या टाकून तिच्यात बसतात. आपली बाग भर घेते श्रावण-भाद्रपदात, भरपावसात, आणि आपण तेव्हा सोप्यात बसलेले असतो, हातात चहा आणि समोर पागोळ्यांचा पडदा. त्यामुळं आपली बाग आखायची ती सोप्यातून आणि खिडक्यांतून बघायला. पाऊस थांबला की बाग बघू असं म्हणाल तर तिचा वर्षातला सगळ्यात देखणा काळ हुकला म्हणून समजा.

मी स्वतः अशी सुरुवात केली की घरातल्या ज्या ज्या जागी माणूस बसतो तिथं बसून बाहेर काय दिसतं ते बघितलं. सोप्यातल्या झोपाळ्यावरून, स्वयंपाकघरातल्या खिडकीतून भांडी घासताना, माजघराच्या छोट्या गजाच्या खिडकीतून. या खिडक्या लहान आहेत, कट्टाही खोल आहे, त्यामुळं प्रत्येकीतून बाहेरचा एक नेमका चौकोनी तुकडाच दिसतो. प्रत्येक तुकड्यात वर्षभर काहीतरी फुललेलं पाहिजे एवढाच नियम मी धरला. अख्खं अंगण एका नजरेत भारी दिसलं पाहिजे हा हट्ट सोडला की काम फार सोपं होतं.

मग भिंतीचा प्रश्न. गुलाब भिंतीला चिकटून चढलाय, खिडकीत डोकावतोय, हे कॉटेज गार्डनमधलं सगळ्यात रोमँटिक दृश्य, आणि तेच आमच्याकडे चालत नाही. मातीच्या भिंतीला ओल म्हणजे शत्रू. आमचे मेस्त्री जुने, त्यांनी असली घरं हाताखालनं घातलेली, ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "वैनी, भितीपातूर माती वडू नगा. भितीच्या बुडात पानी ऱ्हायलं की भीत बसती बगा." मी विचारलं, "मग मामा, किती सोडू?" तर त्यांनी वर पागोळ्यांकडं बोट केलं, "त्ये पानी जितं पडतंय त्येच्या भाईर."

यात सगळं आलं. कौलांचा उतार भिंतीच्या बराच पुढं आलेला असतो तो याचसाठी. पागोळ्या जिथं पडतात तिथं पावसाळाभर जमिनीत एक रेघ खणली जाते, तिथं कुठलंही रोप टिकत नाही, चिखल उडून भिंत मात्र बुडातून लाल होते. म्हणून भिंतीपासून पागोळीच्या रेघेच्या पलीकडं हातभर जाईपर्यंत, म्हणजे साधारण तीन-साडेतीन फुटांचा पट्टा, आम्ही घराभोवती मोकळा ठेवला, त्यात जांभ्याचे बारीक तुकडे आणि खडी पसरली आणि बाहेरच्या कडेला उथळ चर मारला. पाणी खडीत मुरतं, उरलेलं चरातून खाली जातं. या पट्ट्याचा दुसराही उपयोग आहे आणि तो कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. दाट बाग म्हटली की जित्राब आलं, आमच्याकडे पावसाळ्यात साप निघतात ही रोजची गोष्ट आहे. भिंतीला लागून झाडी असली की ते खिडकीतून, न्हाणीच्या भोकातून आत येतात. मधे उघडी खडी असली की दिसतात. तेव्हा हा पट्टा सुंदर दिसो न दिसो, तो पाहिजेच. आणि भिंतीच्या फटीत पिंपळाचं इवलंसं रोप दिसलं तर किती गोड दिसतंय म्हणून ठेवू नका, त्याच दिवशी काढा.

आता भिंत गेली तर वेल कुठं चढवायचे? तर मांडवावर! हे उत्तर आपल्याकडं आधीपासून आहे, त्याच्यासाठी कुठलीही मासिकं चाळायला नकोत. सोप्याच्या पुढं, पागोळीच्या बाहेर चार खांब, वर आडव्या काठ्या, आणि त्यावर जाई. दार गुलाबाच्या चौकटीत नसेल पण दारात यायचं ते जाईच्या मांडवाखालनं. पावसाळ्याच्या संध्याकाळी कळ्या उमलायला लागल्या की वास ओल्या हवेत जमिनीलगत पसरतो आणि सोप्यात येऊन बसतो. आमच्या सासूबाई म्हणतात की मांडव भिंतीपासून हात राखून असावा आणि वास मात्र घरात यावा, आणि मला वाटतं बागेचं सगळं डिझाईन त्यांनी यात सांगितलं.

दुसऱ्या बाजूच्या कमानीवर मधुमालती सोडली. तिचं फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मग लाल, त्यामुळं एकाच घोसात तिन्ही रंग. पहिल्या रात्रीचं पांढरं फूल हे मोठ्या पतंगांसाठी असतं, ते अंधारात वासावर येतात, लांब सोंड घालून मध पितात. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की बागेत फोकस लावू नका. हल्ली ते हिरवे-निळे एलईडी झाडाच्या बुंध्याला लावतात, त्यात ना झाड दिसतं ना रात्र. पायवाटेला पायापुरता पिवळा उजेड देणारे एक-दोन दिवे असू देत, साप बघायला ते लागतातच, बाकी अंधार ठेवा. रातराणी, निशिगंध, पारिजातक, ब्रह्मकमळ, आपल्याकडची निम्मी वासाची फुलं रात्रीची आहेत, त्यांना रात्र मिळू दे.

व्हिटा सॅकविल-वेस्ट नावाच्या लेखिकेनं आणि तिचा नवरा हॅरॉल्ड निकल्सननं १९३० मध्ये इंग्लंडमधला सिसिंगहर्स्टचा पडका वाडा विकत घेतला आणि तिथं बाग केली, ती आज जगभर माहीत आहे. तिथल्या कामाची वाटणी मला फार पटते. रेघा त्यानं आखल्या, वाटा, कुंपणं, दारासमोर दार, सगळं काटेकोर. लावणी तिनं केली, ती मात्र हात सैल सोडून, ऊतू जाईल इतकी. दोन्ही पाहिजे. नुसतं दाट लावलं तर रान होतं, नुसतं आखलं तर सरकारी विश्रामगृहाचं आवार होतं. आमच्याकडे रेघ आखायला हॅरॉल्ड नको, तुळशीवृंदावन आहे. गेट, वृंदावन आणि दार एका ओळीत, ही जुन्या घराची मूळ रेघ, तिला मी धक्का लावला नाही. वाट तिथपर्यंत सरळ, चांगली चार फूट रुंद, दोन माणसं बोलत बोलत येतील अशी. वृंदावनापासून पुढं मात्र तिला दोन फाटे फोडले आणि ते वळवले. एक फणसाला वळसा घालून विहिरीकडं, एक परड्यात. वाट उगाच नागमोडी करू नये, वळायला तिच्यापुढं काहीतरी असलं पाहिजे, झाड, विहीर, जुनं जातं, काहीतरी. वाटेला शहाबादी फरशी बसवू नका, पहिल्या पावसात शेवाळ धरते आणि वयस्कर माणसाचं खुब्याचं हाड जातं. जांभ्याचे खडबडीत तुकडे बसवा, शेवाळ त्यांनाही धरतं पण पाय निसटत नाही, आणि आठ-पंधरा दिवसांनी खराट्यानं घासलं की झालं.

वाफ्यांच्या कडेला फुटकी कौलं अर्धी पुरून उभी केलीत. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनवाल्यांनी मंगळूरला १८६५ साली काढला, नंतर खानापूरच्या मातीतूनही कौलं निघाली, आणि इथल्या मडक्यांचं नाव तर लांबपर्यंत आहे, कुंभारकाम शिकवणारी संस्थाही गावात आहे. घराचं छप्पर, बागेची जमीन आणि कुंडी, तिन्हींचा लाल रंग एकाच जातीचा. त्यामुळं कुंडी घ्यायची तर कुंभाराकडची साधी घ्या. प्लास्टिकची पांढरी कुंडी या लालात डोळ्यात खुपते.

रंगाचं सांगते. गर्ट्रूड जेकिल या बाईंचं नाव कॉटेज गार्डनच्या संदर्भात पुन्हा पुन्हा येतं. १८४३ चा जन्म, शिक्षण चित्रकलेचं, पुढं डोळे अधू होत गेले आणि त्या बागेकडं वळल्या, चारशेच्या वर बागा आखल्या. त्यांचं स्वतःचं घर ज्यानं बांधलं तो एडविन ल्यूटेन्स, पुढं नवी दिल्ली आखणारा तोच. जेकिलबाई खेड्यातल्या गरीब मजुरांच्या घराभोवतीच्या बागा बघत हिंडायच्या, कारण कॉटेज गार्डन मुळात त्या मजुरांचंच. कोबी, कांदे, औषधी पाला, मधमाश्यांचं पोळं आणि जागा मिळेल तिथं फुलं. म्हणजे आपलं परडंच की! कढीपत्ता, गवती चहा, अळू, पेरू, शेवगा, मधेच अबोली आणि कोपऱ्यात गुलबक्षी. तर जेकिलबाईंचं म्हणणं असं की फुलं ठिपक्यांसारखी सुटी लावू नका, लांबट पट्ट्यात लावा, एक रंग दुसऱ्यात मिसळत जाऊ दे. पावसाळ्यात आमच्याकडं उजेड राखाडी असतो, मागं लाल भिंत आणि लाल कौलं. या पार्श्वभूमीवर लाल जास्वंद आणि केशरी झेंडू विरून जातात, आणि पांढरं, फिकट गुलाबी, निळं उठून दिसतं. म्हणून घराजवळ सोनटक्का, गोकर्ण, तेरडा, अनंत. लाल-केशरी मंडळी लांब, गडग्याकडं म्हणजे दगडी कुंपणाकडं, हिरव्यापुढं.

निळ्यावरून हायड्रेंजिया आठवली. तिला सावली दिली, मुळाशी ओल राखली तर ती आमच्याकडं जगते, आणि तिची गंमत अशी की आम्लधर्मी मातीत तिची फुलं निळी होतात, कारण तशा मातीतलं ॲल्युमिनियम मुळांना उचलता येतं. चुनखडीच्या, काळ्या मातीत तेच झाड गुलाबी फुलतं. माझ्या निपाणीच्या मावसबहिणीला मी फांदी दिली, तिच्याकडं गुलाबी, माझ्याकडं निळी. आपल्या जिल्ह्याची माती अशी दोन जातींची आहे, पश्चिमेला जांभ्याची लाल आणि पूर्वेला गोकाक, बैलहोंगलच्या बाजूला काळी. त्यामुळं माझी झाडांची यादी तुम्ही तशीच घेऊ नका. काळ्या रानात शेवंती, निशिगंध, गुलाब यांच्यावर भर द्या, वाफे उंच घ्या, पाणी तुंबू देऊ नका.

आता दाटी, म्हणजे या सगळ्याचा जीव. कॉटेज गार्डनमध्ये माती दिसत नाही, आणि तेवढी रोपं नर्सरीतून विकत आणायची तर दिवाळं निघेल. ती बाग स्वतः पेरली जाते, आणि या बाबतीत आपली गावठी झाडं कुणाला हार जाणार नाहीत. तेरड्याची पिकलेली बोंडं नुसता हात लागला की फुटतात आणि बी उडतं. अबोलीची सुकलेली बोंडं पाणी पडलं की तडतडतात. गुलबक्षीचं काळं बी जिथं पडेल तिथं रुजतं, वर जमिनीत तिचा कंद असतो, वरून सुकली तरी वळवाच्या पहिल्या सरीला परत. पिवळा कॉसमॉस एकदा आणला की तुमचाच. काम एवढंच की मे महिन्यात जमीन उकरून साफ करायची नाही. आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशींना स्वच्छतेची फार हौस, त्यांचा खुरपं घेतलेला हात धरायला लागतो. मृगाच्या पावसानंतर सगळं बी एकदम वर येतं, तेव्हा वाटेत आलेली रोपं उपटून मोकळ्या जागी लावायची, गर्दी फारच झाली तर शेजारी द्यायची. बाग आखणं हे काम मुख्यतः जूनमधलं, आणि ते उपटण्याचं काम आहे.

गौरी येतात तेव्हा आमच्याकडं तेरडा अंगणभर असतो, गौर म्हणून तोच घरात येतो. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण अंगणात तो दोन महिने असतो, एक फूल गळलं की दुसरं. पुढं ऑक्टोबरात गुलखैऱ्याचं, म्हणजे हॉलीहॉकचं बी पेरते, तो थंडीत उंच वाढतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला फुलतो, इंग्लिश बागेतलं हे एक झाड आपल्याकडं मनापासून येतं. पांढऱ्या वासाच्या फुलांचीही साखळी लावता येते. उन्हाळ्यात मोगरा, पावसाळ्यात जाई-जुई, शेवटाला पारिजातक, थंडीत कुंद. एक संपलं की दुसरं, सासूबाईंच्या गजऱ्याला खंड नाही.

सासूबाईंचं एक निरीक्षण मला फार उशिरा उमगलं. त्यांची अबोली स्वयंपाकघराच्या दाराशीच का, तर संध्याकाळी दिवा लावायच्या आधी जाता जाता खुडायला. जास्वंद आणि दूर्वा वृंदावनाशी, सकाळच्या पूजेच्या वाटेवर. ओवा आणि पुदिना उंबऱ्यापासून हाताच्या अंतरावर, कारण फोडणी टाकलेली असते आणि पाऊस पडत असतो. अळू, कर्दळ, सोनटक्का न्हाणीच्या पाण्यावर, त्यांना वेगळं पाणी घालावंच लागत नाही. त्यांनी कागदावर एक रेघ काढलेली नाही, खरं प्रत्येक झाडाची जागा त्यांच्या दिवसातून ठरली आहे. जुन्या घरात बाग करायची असेल तर त्या घरातल्या सगळ्यात जुन्या बाईच्या मागं एक दिवस हिंडा, ती कुठं वाकते, कुठं थांबते, काय खुडते ते बघा, आणि मग वाफे आखा. घर वापरात असेल तर बाग जिवंत राहते. नुसत्या फोटोसाठी लावलेली बाग दोन पावसाळ्यात घाणेरीनं गिळलेली मी बघितली आहे.

जुन्या वस्तूंबद्दल मात्र हात आखडता घ्या. जातं, पाटा, रांजण, दगडी डोणी, बैलगाडीचं चाक, सगळं एकदम मांडलं की घराचं हॉटेल होतं. आमच्याकडं एकच डोणी ठेवली, विहिरीच्या वाटेवर. त्यात पाणी आहे, डासांसाठी गप्पी मासे सोडलेत, आणि दुपारी बुलबुल आंघोळीला येतात.

रस्त्याकडची बाजू अजून व्हायची आहे. गडगा पावसात एका जागी ढासळला होता, तो मेस्त्रींनी चुना-सिमेंट न लावता नुसत्या चिऱ्यांनी परत रचला, म्हणजे पाणी फटीतून निघून जाईल आणि फटीत नेचे येतील. आतल्या अंगाला अडुळसा लावायचाय, त्याला शेळ्या तोंड लावत नाहीत आणि खोकल्याला पाला घरचा. गेटसाठी माळ्यावर एका जुन्या दाराची सागवानी फळी गावली आहे, बिजागऱ्या शाबूत आहेत. सुतार दिवाळीनंतर येतो म्हणालाय. फळी आहे तेवढी ठेवायची की वरून कमान द्यायची यावर घरात अजून एकमत नाही, माझं मत कमानीला आहे, कारण तिच्यावर संक्रांतवेल घालता येईल आणि जानेवारीत, बाकीची बाग जरा शांत असते तेव्हा, रस्त्यानं जाणाऱ्यालाही काहीतरी बघायला मिळेल.